लाल नेलपेंटची खूण

सदा, परवा मी बॅटरी न लावताच जिंबलवर कॅमेऱ्याचा तोल साधला आणि सगळं तयार आहे असं वहिनींना सांगून टाकलं.

पहिल्याच वाक्यात सांगितलं ते बरं. मागनं दुसऱ्या कुणाकडनं कळलं असतं तर तू मला महिनाभर सोडलं नसतंस. आता पुढची पाच वाक्यं तुझ्यासाठी नाहीत, वाचणाऱ्यांसाठी आहेत, तू तोवर चहा पी. जिंबल म्हणजे हातात धरायची एक दांडी, तिच्यावर तीन मोटारींचा एक वाकडातिकडा हात आणि त्या हातात कॅमेरा. धरणारा कसाही चालला तरी चित्र हलत नाही. पण मोटारी चालू करायच्या आधी कॅमेरा त्या हातात असा बसवावा लागतो, की कुठंही वळवून सोडला तरी तिथंच थांबेल. आपला सिनेमाचा कॅमेरा तसा बोजड, त्यात बॅटरी त्याच्या पाठीवर लागते आणि ती अर्ध्या विटेएवढी जड असते. ती न लावता तोल साधणं म्हणजे नवरदेव बसायच्या आधीच घोडी शांत आहे म्हणून सांगणं.

बॅटरी तुझ्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी, चार्जिंगला होती. आणि मी ओसरीवर घामाघूम होऊन स्वतःवर खूश होतो.

तू कसा गेलास, वय काय, मागं कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. ते पेपरात आलं, फोटोसकट. फोटो मीच दिला. त्यात तुझे डोळे अर्धे मिटलेत आणि कोपऱ्यात कुणाचा तरी फेटा आलाय. दुसरा सापडलाच नाही रे. बेळगावपासनं निपाणीपर्यंत एवढ्या लग्नांचं शूटिंग केलंस, हजारो लोकांचे चेहरे आणलेस, आणि तुझा एक धड फोटो माझ्याकडं नाही. जिथं शोधावं तिथं माझंच तोंड. कॅमेऱ्यापुढनं कधी हटावं हे मला कळत नाही, हे तू पहिल्या दिवसापासनं म्हणायचास.

निपाणीचं ते लग्न तर तू मेलास तरी विसरला नसशील. नवरी हॉलच्या दारातनं आत यायची होती, तुझा हात दुखत होता, आणि मी म्हटलं, आण इकडं, त्यात काय एवढं. ट्रिगर तीनदा दाबला की कॅमेरा गर्रकन मागं वळून धरणाऱ्याकडंच तोंड करतो, हे तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं. आणि नवरी दिसल्याबरोबर हौसेनं तीनदा दाबला. नवरी आली, फुलं पडली, सनई वाजली, आणि चित्रात पहिल्यापासनं शेवटपर्यंत माझ्या नाकपुड्या. नवरीच्या बापानं ते बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे आमच्याकडचे का त्यांच्याकडचे?" परत येताना तू गाडी चालवत होतास आणि तवंदी घाटात तुला हसू आवरेना म्हणून गाडी कडेला घेतलीस.

तर तुझ्या वडलांच्या हातमागावर आपण दोघं करत होतो त्या पिक्चरचा तेवढा एक शॉट राहिला होता. बाकी सगळं झालं होतं. ओसरीवरनं आत शिरायचं, मधल्या खोलीतनं जायचं आणि मागच्या खोलीत आप्पांच्या हातमागापाशी थांबायचं. तुझे आप्पा शेवटची साडी विणतायत. उभ्या सुताचा ताणा संपतो, माग थांबतो, पिक्चर संपतं. आप्पांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ही साडी उतरली की माग काढायचा. मागाखाली पाय सोडून बसायचा जो खड्डा असतो, त्यात त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत.

आणि तू गेलास. माग तसाच राहिला, वर हातभर ताणा शिल्लक. आप्पा त्या खोलीत जाईनात. दिवसकार्य झाल्यावर वहिनींनीच विषय काढला, तेही माझ्यापुढं नाही. नंतर मला म्हणाल्या, "मी त्यास्नी म्हणलं, तुमच्या पोराचं काम अर्धं ऱ्हायलंय." त्यावर आप्पा म्हणाले, "एकदाच बसतो. उठलो की परत न्हाय."

म्हणजे ताणा हातभर, माणूस एकदाच बसणार, आणि जिंबल धरणारा मी.

आपलं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण, आणि तेही ह्याच शॉटवरनं. मला लांबची लेन्स पाहिजे होती. दुरनं आप्पांचे नुसते हात, बाकी सगळं धूसर, मखमलीसारखं. तुला रुंद लेन्स पाहिजे होती. फोनवर तू म्हणालास, "तुला घर नको हाय रं पिक्चरमधी. नुसतं हात पायजेत."

मी म्हटलं, "घर सगळ्यांकडं असतंय. हात आप्पांचेच आहेत."

"हात लांबनं सुंदर दिसतेत, डायरेक्टर. जवळ गेलं की खरं दिसतेत. रुंद लेन्स लावलीस की जवळ जायलाच लागतंय, पळवाट न्हाय."

"खोली एवढीशी. आप्पांच्या अंगावर चढू काय?"

"चढ की. मी रोज चढतोय, मला शिव्या घालतेत, मग इसरतेत."

मी म्हटलं, "सकाळी बोलू," आणि फोन ठेवला. ती सकाळ आलीच नाही. म्हणजे आली, पण तुझ्याशिवाय आली. खरं सांगायचं तर फोन ठेवताना मला पुढचं वाक्य सुचलेलं होतं, चांगलं झोंबणारं होतं, ते मी सकाळसाठी राखून ठेवलं होतं. ते अजून माझ्याकडं पडून आहे. त्याचं काय करायचं ते सांग.

परवा मी माझीच लेन्स लावली. तू नाहीस, तर वाद जिंकला असं समजून. लाज वाटायला पाहिजे होती, पण तोल साधायच्या नादात लाज वाटायला सवड नव्हती. तुझी शिकवण मला तोंडपाठ आहे: आधी पुढचं-मागचं, मग वरचं-खालचं, मग डावं-उजवं. तोंडपाठ असणं आणि हाताला येणं ह्यात वडगाव ते जांबोटी एवढं अंतर आहे, आणि मध्ये बस नाही. एक स्क्रू ढिला केला की कॅमेरा पुढं नाक टेकायचा, जरा मागं सरकवला की आभाळाकडं बघायचा. तू हे काम बोलता बोलता, तोंडात शेंगदाणे टाकत करायचास. मी म्हणायचो, कशाला एवढं, मोटारी आहेत की उचलायला. तू म्हणायचास, "मोटार बंद असताना उभारला पायजे. चालू केल्यावर काय, कुणीबी उभारतंय."

शेवटी एकदाचा उभा राहिला. मी बोट काढलं, कॅमेरा हलला नाही. मी वहिनींना म्हटलं, "झालं. सांगा गल्लीत."

आता गल्लीत काय सांगायचं होतं ते तुला माहीत आहे, कारण ते तूच ठरवलं होतंस. तुमच्या गल्लीत घरटी यंत्रमाग, दिवसभर खडखडाट, त्यात आप्पांच्या हातमागाचा आवाज कुणाला ऐकू यायचा? म्हणून शॉटपुरते सगळ्यांनी माग बंद ठेवायचे. वहिनी दारोदार फिरल्या. एकेक करत माग थांबत गेले आणि शेवटचाही थांबला. ती शांतता मी ओळखत होतो. तुमच्या गल्लीत कुणी गेलं की माग असेच थांबतात. तुझ्यासाठी थांबले होते.

आप्पांनीही ती ओळखली असणार. शांतता झाली म्हणजे सुरू करायचं, असं त्यांना सांगितलं होतं. आतून आडवं सूत नेणाऱ्या धोट्याचा आवाज आला. खट. आणि ते सूत ठोकणाऱ्या फणीचा, धप.

मी स्वयंपाकघरात गेलो, बॅटरी आणली, कॅमेऱ्याच्या पाठीवर लावली. लावल्याबरोबर कॅमेरा चक्कर आलेल्या माणसासारखा मागं कोसळला आणि लेन्स छताकडं.

वहिनी दारातनं आत आल्या. त्यांनी कॅमेऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे असंच असतंय काय?"

"नाही."

"मग?"

"बॅटरी विसरलो होतो."

 आत खट, धप चालू. एकेका धपीला ताणा सुतासुतानं कमी होत होता. मी म्हटलं, "आप्पांना थांबायला सांगता? थोडंच."

"थांबतील. आणि उठतील," वहिनी म्हणाल्या. "उठले की परत बसणार न्हाईत, भावजी. तुम्ही त्यास्नी ओळखत न्हाय?"

मी कॅमेरा पुढं सरकवायला लागलो. त्याच्या बुडाची सरकती पट्टी जागेवर ठरेना. जरा पुढं गेली की लेन्स जमिनीकडं, जरा मागं आली की आभाळाकडं. हात घामानं ओले, स्क्रू बोटातनं निसटायला लागले. एकदा मनात आलं, मरू दे, तोल न साधताच मोटारी चालू करू, ओढतील कशाबशा. केल्या. जिंबल मधमाशीसारखं घूं घूं करायला लागलं, थरथरलं आणि जीव गेल्यासारखं बंद पडलं. तू बघितलं असतंस तर जिंबलच्या बाजूनं माझ्यावर हात उचलला असतास. आत खट, धप. खट, धप. आप्पांचा हात बसत चालला होता, वेग वाढला होता, आणि ज्या गोष्टीची एरवी मी मजा घेतली असती तिची मला भीती वाटायला लागली.

तेवढ्यात वहिनी वाकल्या. "हे काय हाय?"

पट्टीच्या कडेला, बारीक, तांदळाच्या दाण्याएवढी लाल रेघ होती. मी ती तासभर बघत होतो आणि ओरखडा समजत होतो. मग वरच्या हातावर दुसरी दिसली आणि आडव्या हातावर तिसरी.

वहिनींनी बोटानं ती खरवडली. "ही माझी नेलपेंट हाय." त्यांचा आवाज बदलला. "बहिणीच्या लग्नाला आणलेली. कपाटातनं गेली म्हणून मी किती भांडले ह्यांच्याशी. मला म्हणाले, उंदरानं नेली असेल." आणि सदा, तू गेल्यापासनं पहिल्यांदा त्या हसल्या. तोंड बाजूला करून, पण हसल्या.

तू खुणा करून ठेवल्या होत्यास. बॅटरीसकट, सगळ्यासकट. पण त्या तुझ्या लेन्सच्या होत्या. माझी लेन्स लांब आणि जड, तिला त्या खुणा लागू नव्हत्या. तुझी रुंद लेन्स बॅगेत तशीच, कापडात गुंडाळून. माझ्यापुढं दोन वाटा होत्या: माझी लेन्स ठेवायची आणि शॉट सोडायचा, किंवा तुझी लावायची आणि वाद सोडायचा. आयुष्यात पहिल्यांदा मी वाद सोडला, आणि तोही पटला म्हणून नाही, तोल साधता येत नव्हता म्हणून. असं जिंकणं तुलाही फार गोड लागलं नसतं.

लेन्स काढायच्या आधी जिंबलचा हात हलू नये म्हणून त्याला कुलूप लावलं. हे एक बरोबर केलं त्या दिवशी, लिहून ठेव. तुझी लेन्स चढवली, पट्टी लाल रेघेवर आणली, दुसरी रेघ, तिसरी रेघ, कुलूप काढलं आणि बोट बाजूला घेतलं.

उभा राहिला. मोटार बंद असताना.

मी मोटारी चालू केल्या. घूं नाही, थरथर नाही. जिंबल उचललं. आणि मग दारात पाय टाकायच्या आधी थांबलो, कारण पाठ रिकामी होती.

जिंबल धरणाऱ्याचे डोळे पडद्यावर असतात, पायाखालचं त्याला दिसत नाही. म्हणून मागनं कुणीतरी पाठीवर हात ठेवून त्याला चालवायचं असतं. आजवर धरणारा तू आणि हात माझा. तुझ्या शर्टाचा घाम माझ्या तळव्याला पाठ झालाय. जांबोटीला भाताच्या बांधावर मी तुला असाच चालवत होतो आणि कुठलासा पक्षी बघत राहिलो. तू कमरेपर्यंत चिखलात गेलास. जाताना दोन्ही हात वर, कॅमेऱ्याला शिंतोडा नाही. वर येऊन मला म्हणालास, "पक्षी तरी नीट दिसला काय?" त्या दिवशी तू चिडला असतास तर बरं झालं असतं. मला अजून ते फेडता आलेलं नाही.

वहिनींनी पाठीवर हात ठेवला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "चला," म्हणाल्या. "मी बघते खाली."

आम्ही आत शिरलो. तुझ्या लेन्सनं सगळं घेतलं, मी नको म्हणत होतो ते सगळं: पाण्याचा पिंप, दोरीवरचे कपडे, भिंतीवर तुझा तो अर्धे डोळे मिटलेला फोटो, हारासकट. मागनं वहिनींचं हळू बोलणं, "पायरी. उजवीकडं. वाका." ते सगळं आवाजात आलंय. काढता येणार नाही, आणि काढणारही नाही.

मागची खोली. आप्पा खड्ड्यात, पाठ वाकलेली, खिडकीतनं उजेड मागावर. ताणा चार बोटं राहिलेला. मी जवळ गेलो. तू म्हणालास तसं, ह्या लेन्सला पळवाट नाही, जावंच लागलं. अजून जवळ गेलो. आप्पांच्या बोटाची भेगाळलेली कातडी दिसायला लागली, नखात अडकलेला एक धागा दिसला. हात लांबनं सुंदर दिसतात, हे मी आता लिहून देतो, आणि पुढचंही.

जवळ जाता जाता मी खिडकीच्या उजेडाच्या आड आलो. मागावर माझी सावली पडली. आप्पांनी मान वर केली नाही. धोटा टाकता टाकता, रोजच्या आवाजात म्हणाले, "उजेड सोड रं, सदा."

खट थांबलं.

पाठीवरचा हात एकदम घट्ट झाला.  आप्पा तसेच, धोटा हातात. मला वाटलं, संपलं, आता उठतात. मी बाजूला सरकलो, उजेड सोडला. आणि माझं बोट, सदा, माझं हे गाढवाचं बोट, दांडीवर घट्ट होताना ट्रिगरवर थरथरलं. एकदा. दोनदा. तीनदा.

कॅमेरा गर्रकन वळला.

मी तो परत फिरवायला पाहिजे होता. पण मला हात हलवताच येईना. वहिनींचा हात पाठीवर होता आणि तो निसटेल अशी मला भीती वाटत होती. आणि मग समोरनं आवाज आला. खट. धप. आप्पा उठले नव्हते. त्यांनी ताणा संपवला. शेवटची चार बोटं, सगळी, हळूहळू. मग कात्रीचा आवाज.

त्यातलं काही चित्रात नाही. चित्रात मी आहे. स्मशानात कोरडा राहिलो म्हणून लोकांनी मला दगड म्हटलं, तो मी. तोंड वाकडं, नाक वाहतंय, पुसायला हात मोकळा नाही. आणि माझ्या खांद्यामागं वहिनी, ओठ आवळलेल्या. आमच्या तोंडांवर तुझ्या आप्पांचा शेवटचा माग ऐकू येतोय.

संध्याकाळी ओसरीवर लॅपटॉप उघडून आम्ही तिघांनी ते बघितलं. गल्लीतले माग परत सुरू झाले होते, म्हणून आवाज मोठा ठेवावा लागला. आप्पा "उजेड सोड" पर्यंत बघत बसले, मग उठून आत गेले. उतरलेली साडी आतल्या खाटेवर घडी न करता पडली होती. जाताना एवढंच म्हणाले, "जवळनं घेतलंय. बरं केलंय."

मी वहिनींना विचारलं, "हे शेवटचं ठेवू का कापू? सदा असता तर त्यानं ठरवलं असतं." खरंच विचारत होतो. तू असतास तर आपण ह्यावर महिनाभर भांडलो असतो, आणि मला ते भांडण पाहिजे होतं, दुसरं काही नको होतं.

वहिनींनी ते परत लावलं. शेवटपर्यंत बघितलं. माझ्या तोंडावर चित्र थांबवलं, पदरानं डोळे पुसले आणि पडद्याकडं बोट केलं.

"ठेवा," म्हणाल्या. "पण लोक आप्पांचा माग बघाय येणार, भावजी, आणि तुम्ही त्यास्नी शेंबूड दाखवणार."